सहा मिलिमीटर: औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रिय डॉक्टर मंडळी,

स. न. वि. वि.

आपली ओळख आहे आणि नाहीही. माझी सही तुम्ही ओळखता, ती रिपोर्टच्या तळाशी असते. तुमचं अक्षर मी ओळखते, ते नमुन्यासोबत येणाऱ्या फॉर्मवर असतं. फोनवर आपण बोललो आहोत, पण बहुतेकदा घाईत. तुम्ही राउंडवर असता आणि माझ्या हातात ग्लोव्ह असतात. गेली बावीस वर्षं मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पेशंट मला दिसत नाही. त्याचं रक्त, लघवी, थुंकी, जखमेतला पू आणि त्यातून जे काही उगवेल ते, एवढंच माझ्यापर्यंत पोचतं.

गेल्या महिन्यात एक प्लेट हातात आली. ती डोक्यातून जात नाही, म्हणून अँटिबायोटिक्सबद्दलचं हे पत्र.

सेन्सिटिव्हिटीची प्लेट तुम्ही कॉलेजात पाहिली असेल, नंतर बहुधा नाही. चार मिलिमीटर जाडीचा फिकट पिवळा आगर, म्हणजे जिवाणू वाढवायची जेली, त्यावर कापसाच्या बोळ्याने एकसारखा पसरलेला जिवाणू आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या गोल चकत्या. रात्रभर ३५ अंशांना ठेवायची. सकाळी जिथे औषधाने काम केलंय तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि लिहायचं. चकतीचा स्वतःचा व्यास असतो सहा मिलिमीटर. त्यामुळे वर्तुळ अजिबात उमटलं नाही, जिवाणू चकतीला अगदी खेटून वाढला, तर आमच्या वहीत शून्य लिहीत नाहीत. सहा लिहितात.

त्या सकाळी मी मोजत होते आणि नवी टेक्निशियन लिहून घेत होती. सहा. सहा. सहा. पहिली प्लेट संपत आली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, सगळीकडे सहाच लिहू का?" म्हटलं, नाही, प्रत्येक चकती बघायची. दोन प्लेट, बारा चकत्या. एका ठिकाणी अकरा आले. तेही रेझिस्टंटच, म्हणजे औषधाला दाद न देणारं.

जिवाणू क्लेबसिएला होता. रक्तातून आलेला. उरलं होतं कोलिस्टिन. त्याची तर चकतीसुद्धा चालत नाही, कारण रेणू मोठा, आगरमध्ये नीट पसरत नाही. द्रवातच तपासावं लागतं, म्हणजे अजून एक दिवस. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून १९७० च्या दशकात बाजूला सारलेलं हे औषध आता आपण माळ्यावरून काढून वापरतोय, कारण नंतर आलेली चांगली औषधं आपण वापरून बोथट केली.

फोन केला. समोरच्या तरुण डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता देऊ काय?" फॉर्मवर 'सध्या सुरू असलेली अँटिबायोटिक्स' असा एक रकाना असतो. तो कोरा होता. विचारल्यावर कळलं, नऊ दिवसांत तीन औषधं झाली होती. पहिलं दिलं कारण ताप होता. दुसरं दिलं कारण ताप उतरला नाही. तिसरं दिलं कारण आता सगळेच घाबरले होते. कल्चर, म्हणजे जिवाणू उगवून बघण्यासाठीचा नमुना, पाठवलं नवव्या दिवशी. वरातीमागून घोडं. पहिल्या दिवशी रक्त पाठवलं असतं तर त्यात काय उगवलं असतं, याचं उत्तर आता कुणाकडेच नाही. कदाचित काहीच नसतं. कदाचित एखादा साधा जिवाणू, जुन्या औषधाने गेला असता असा. माझी तक्रार नेमकी हीच आहे, की हे आता कधीच कळणार नाही.

तो पेशंट गेला. तुमच्यापैकी कुणाचा होता हे इथे सांगण्याचं कारण नाही. जवळपास सगळ्या चकत्यांवर सहा ही गोष्ट जगावेगळीही राहिलेली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात एक वयस्क बाई क्लेबसिएलाच्याच संसर्गाने गेली. तिच्या जिवाणूवर तपासलेल्या २६ च्या २६ औषधांचा उपयोग झाला नव्हता.

आता मुद्द्यावर येते. अंदाजाने औषध देऊ नका, असं मी म्हणत नाहीये. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाने शरीर कोसळू लागलेला, पेशंट समोर असताना रिपोर्टची वाट पाहत बसणं म्हणजे त्याला मारणं. तास जातो तसा धोका वाढतो, हे प्लेट बघणारीलाही ठाऊक आहे. पहिला अंदाज तुमचा हक्क आहे, कर्तव्यही आहे. इतकंच, की अंदाज बांधण्याआधी कल्चरसाठी रक्त काढा, आणि तिसऱ्या दिवशी त्या अंदाजाकडे परत या. घोडं पेंड खातं ते या तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी जो अंदाज असतो तो दुसऱ्या दिवशी 'चालू असलेली ट्रीटमेंट' होतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

तिसरा दिवसच का, ते आमच्या बाजूने सांगते. रक्ताची बाटली मशीनमध्ये जाते. आत काही वाढत असेल तर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मशीन टिपतं आणि वाजतं. खरा संसर्ग असेल तर बहुतेक बाटल्या पहिल्या एक-दोन दिवसांतच वाजतात. वाजली की आम्ही थेंबभर काढून ग्रॅम स्टेन करतो, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, आणि लगेच फोन करतो: गुलाबी दांडे आहेत, किंवा जांभळे पुंजके आहेत. तेवढ्यानेही तुमचं निम्मं औषध ठरायला हवं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर कॉलनी येतात, नाव कळतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तुळं मोजून होतात. म्हणजे आम्हाला सगळ्यात जास्त कळतं तेव्हा तुमच्या वॉर्डात पेशंट एक तर सुधारलेला असतो, किंवा आयसीयूत हललेला असतो, किंवा ड्यूटी बदललेली असते. रिपोर्ट फाइलला लागतो. फाइल पेशंटबरोबर फिरते. वाचतं कोण?

एक उदाहरण माझ्या मनात घर करून बसलंय. रक्तात ई. कोलाय आला, लघवीच्या मार्गातून. पेशंटला पहिल्या दिवसापासून मेरोपेनेम हे राखीवातलं मोठं औषध सुरू होतं. आजारी होता, ते समजू शकते. तिसऱ्या दिवशीची प्लेट इतकी सुंदर होती, की मी विद्यार्थ्यांना बोलावून दाखवली. प्रत्येक चकतीभोवती मोठं, काठ स्वच्छ असलेलं वर्तुळ. साध्यातलं साधं औषध चाललं असतं. मी आपणहून फोन केला. उत्तर आलं, "बरा होतोय ना मॅडम, आता कशाला हात लावायचा?" मेरोपेनेम चौदा दिवस चाललं. महिन्याभराने त्याच पेशंटची लघवी परत आली, या वेळी मेरोपेनेमच्या चकतीभोवती सहा. एकातून दुसरं झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण चौदा दिवस त्याच्या आतड्यात काय चाललं असेल, याची कल्पना मला करता येते, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

पेशंट म्हणतात, "मला त्या औषधाची सवय झालीय." माफ करा, पण काही डॉक्टरांच्या तोंडूनही हे ऐकलंय. शरीराला सवय होत नाही. बदलतो तो जिवाणू, आणि तोही 'शिकत' नाही. ई. कोलायला सोयीचं वातावरण मिळालं, तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे शंभर कोटींच्या वर. एवढ्या नकला काढताना चुका होणारच, आणि त्यातली एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते. औषध नसेल तर ती चूक गर्दीत हरवून जाते. औषध असेल तर बाकीचे मरतात आणि रिकामं मैदान तिचं होतं. २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हे डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. दोन फूट बाय चार फुटांची प्रचंड प्लेट, कडेला औषध नाही आणि मध्याकडे जावं तसं पट्ट्यापट्ट्याने दहापट वाढत जाणारं औषध. ई. कोलाय प्रत्येक सीमेवर थबकला, मग एखाद्या ठिकाणाहून एक बोट पुढे सरकलं, पंख्यासारखं पसरलं, पुढच्या सीमेवर थबकलं. साधारण दीड आठवड्यात तो हजारपट औषधात आरामात वाढत होता. त्याची चित्रफीत मी दर नव्या तुकडीला दाखवते आणि दर वेळी स्वतःही शेवटपर्यंत बघत बसते.

हे झालं एकेका जिवाणूचं. खरी पंचाईत प्लाझ्मिडची आहे. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या रुग्णांमध्ये असा शिगेला सापडू लागला, जो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदमच दाद देत नव्हता. चार वेगवेगळ्या चुका एकाच वेळी होणं जवळपास अशक्य. संशोधकांना दिसलं, की हा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी ई. कोलायकडून शिगेलाकडे, नुसत्या स्पर्शाने जातो. डीएनएचं एक छोटं वर्तुळ असतं, तेच प्लाझ्मिड, त्यावर चारही औषधांविरुद्धची जनुकं शेजारीशेजारी बसलेली. तुम्ही टेट्रासायक्लिन दिलंत की बाकी तीन फुकटात टिकतात. म्हणून 'मी तर ते मोठं औषध वापरतच नाही' हे समाधानही अर्धंच. विनाकारण दिलेलं छोटं औषधसुद्धा मोठ्याला दाद न देणारा जिवाणू पाळत असतं.

प्रतिरोध आपण निर्माण केला असंही नाही. ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीत पेनिसिलिनच्या जातकुळीतल्या औषधांना निकामी करणारी जनुकं सापडली आहेत. पेनिसिलिन फोडणाऱ्या विकराचं वर्णन १९४० साली छापून आलं, आणि ऑक्सफर्डमध्ये पहिल्या गंभीर रुग्णाला पेनिसिलिन टोचलं गेलं ते १९४१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे कुलपाआधी चोराचा पत्ता माहीत होता. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं, त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्ये नोंदवला गेला. ही हत्यारं मातीत आधीपासून पडलेली होती. ती उचलून वॉर्डात आणणारी निवड आपली.

आता थोडं माझ्या घरचं धुणं. तुमच्यावर टीका करताना ते झाकून ठेवणं बरं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाटलीत कातडीवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस आला. दोन्ही बाटल्यांत नाही, एकीत. मी तो सगळ्या औषधांच्या सेन्सिटिव्हिटीसकट रिपोर्ट केला आणि 'बहुधा कातडीवरून आलेला' एवढी एक ओळ लिहिली नाही. पेशंटला दहा दिवस व्हॅन्कोमायसिन मिळालं, कारण माझ्या कागदावर जिवाणूचं नाव होतं आणि नावापुढे औषध होतं. कागदावर नाव दिसलं की हात आपोआप औषध लिहितो. दुसरी गोष्ट, आम्ही प्रयोगशाळावाले एका रिपोर्टवर अठरा औषधं छापतो. साधं औषध चालत असताना खाली राखीवातली औषधंही 'सेन्सिटिव्ह' म्हणून झळकतात, आणि नजर नेमकी तिथे जाते. साधं चालत असेल तर राखीवातलं दाखवायचंच नाही, ही पद्धत आहे. आम्ही ती आता पाळतो. त्यावरून तुमच्यापैकी काहींनी मला फोनवर झापलंही आहे. ते झापणं चालू ठेवा, पण राखीव औषध मागताना कारणही सांगा.

आणि नमुने. अहो, नमुने! रक्ताच्या एका बाटलीत मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवं. येतं दोन-तीन. गंभीर आजारी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात कित्येकदा एखाद-दुसराच जिवाणू असतो. दोन मिलिलिटरमध्ये तो सापडला नाही, की आम्ही लिहितो 'वाढ नाही', तुम्ही समजता 'संसर्ग नाही', किंवा उलट, 'प्रयोगशाळेचा काही उपयोग नाही'. दोन वेगळ्या जागांहून बाटल्यांच्या दोन जोड्या काढा. एकच जोडी आणि तीही आधीच लावलेल्या नळीतून काढली, तर त्यात उगवलेला स्टॅफिलोकॉकस रक्तातला की नळीवरचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. थुंकी म्हणून येते ती लाळ. जखमेचा स्वॅब येतो तो वरच्या खपलीवरचा. आत काय आहे ते खोलवरचा तुकडा किंवा ओढून काढलेला पू सांगतो, वरचा ओलावा नाही.

लघवीवर वेगळं प्रकरण लिहावं लागेल. लघवी धुरकट दिसली, वास आला, की कल्चर. पेशंटला जळजळ नाही, ताप नाही, काही नाही. वयस्कर माणसांमध्ये, आणि कॅथेटर बरेच दिवस असलेल्या जवळजवळ प्रत्येकात, लघवीत जिवाणू उगवणारच. मी उगवलेलं लिहिणार, तुम्ही लिहिलेलं मारणार. गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गात अशी शस्त्रक्रिया व्हायची असेल, ज्यात आतलं अस्तर दुखावेल, तर उपचार करायलाच हवा. एरवी लक्षण नसेल तर कल्चर पाठवूच नका. न मागितलेल्या रिपोर्टने कुणाचं औषध सुरू होत नाही. हे माझ्याच खात्याचं काम कमी करणारं वाक्य आहे, तरी लिहिते.

कोर्स किती दिवसांचा? पाच, सात, दहा, चौदा. हे आकडे कुठून आले, कधी विचार केलाय? आठवडा सात दिवसांचा आणि हाताला बोटं पाच, याहून फार भक्कम कारण पुष्कळ ठिकाणी सापडत नाही. रक्तातल्या जिवाणूसंसर्गावर सात दिवस पुरतात की चौदा लागतात, याची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सात देशांतले ३,६०० हून जास्त रुग्ण. सात दिवसांचा गट नव्वद दिवसांनंतर मृत्यूंच्या बाबतीत मागे पडला नाही. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण घेतलेले नव्हते. क्षयरोग, हाडांचा किंवा हृदयाच्या झडपांचा संसर्ग ही वेगळी बाब आहे, तिथे दिवस कमी करायला जाऊ नका. पण साध्या न्यूमोनियात पाचव्या दिवशी ताप नाही, श्वास नीट, पेशंट चालतोय, तर पुढचे पाच दिवस आपण कुणावर उपचार करतो? 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य पेशंटच्या डोक्यात आपणच इतकं घट्ट बसवलंय, की आता ते आपल्यालाच सोडवत नाही. पेशंटने मनाने थांबवू नये हे बरोबर. तुम्ही मात्र विचार करून थांबवू शकता. तुमच्या पदवीचा तोच उपयोग आहे.

ओपीडीबद्दल मी कमी बोलते, तिथला नमुना माझ्याकडे येतच नाही. सर्दी, घसा, खोकला. यातलं बहुतेक विषाणूंचं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुम्ही म्हणाल, पेशंटच मागतात. काही मागतात. पण बरेच जण नुसतं हे विचारत असतात, की हा खोकला जाणार कधी? श्वासनलिकेच्या साध्या दाहात खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. ही एक गोष्ट सांगितली नाहीत, की पाचव्या दिवशी तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तिथे अँटिबायोटिक मिळतं आणि खोकला आपल्या वेळेने थांबतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पुढच्या खेपेला तो त्याच गोळीचं नाव घेऊन येतो. सुंठीवाचून गेला असता तो खोकला.

दमणं हेही कारण आहे, आणि ते कुणी कबूल करत नाही. श्वसनाच्या तक्रारींवर दिलेल्या औषधांचा अभ्यास २०१४ मध्ये अमेरिकेत झाला. दवाखान्याच्या पहिल्या तासापेक्षा चौथ्या तासात अँटिबायोटिक लिहिलं जाण्याची शक्यता जास्त निघाली. समजावून सांगायला वेळ लागतो, लिहायला लागत नाही. मी प्लेट मोजतानाही दुपारी चारनंतर मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा नसतो. म्हणून शंकेची प्लेट सकाळी परत बघते.

पत्राने काय होतं, असंही तुम्ही म्हणाल. होतं. २०१४ साली इंग्लंडमध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दीड हजारांवर दवाखान्यांपैकी साधारण निम्म्यांना एक साधं पत्र पाठवलं. मजकुराचा गाभा एवढाच, की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक्स लिहितात. धमकी नाही, दंड नाही. सहा महिन्यांत पत्र मिळालेल्यांचं प्रमाण पत्र न मिळालेल्यांपेक्षा ३.३ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे ७३,००० च्या आसपास औषधं कमी लिहिली गेली. माझ्या सहीला तेवढं वजन नाही. पण तुमच्या विभागात कोण किती मेरोपेनेम लिहितं, याचा एक कागद दर महिन्याला भिंतीवर लागला तर काय होईल, हे बघायला मला आवडेल. काढून द्यायला आमची प्रयोगशाळा तयार आहे.

पोल्ट्री, डुकरं, मासे यांच्यावर जाणाऱ्या औषधांचं काय, हा प्रश्न दर चर्चेत कुणीतरी विचारतंच. रास्त आहे. कोलिस्टिनला निकामी करणारं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक २०१५ मध्ये पहिल्यांदा वर्णिलं गेलं ते चीनमधल्या डुकरांच्या अभ्यासातूनच. जनावरांचं वजन वाढवण्यासाठी अँटिबायोटिक देणं स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये बंद केलं. बाकीच्यांनीही करावं. पण त्यांना वेगळं पत्र लिहीन. शेजाऱ्याचं छत गळतंय म्हणून आपल्या घरातली बादली उचलून ठेवत नाही आपण. नवीन औषधांच्या आशेबद्दलही तेच. प्लाझोमायसिन नावाच्या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि ते बनवणारी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जे औषध जपून, कमीत कमी वापरायचं, ते विकून कुणाचं पोट भरणार? कपाटात नवं काही येईल या भरवशावर जुनं उधळू नका, इतकंच.

आकडे तुम्ही ऐकले असतील. २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये त्यांचा हात होता. २०२५ ते २०५० या काळात थेट मृत्यू ३ कोटी ९० लाखांवर जातील असा अंदाज आहे. मला त्याच अभ्यासातली दुसरी ओळ जास्त विचारात पाडते. १९९० ते २०२१ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांमधले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि सत्तरीपुढच्यांमधले ८० टक्क्यांहून जास्त वाढले. लस, स्वच्छ पाणी, धुतलेले हात यांनी मुलांचा संसर्गच टळला आणि औषधाची वेळ आली नाही. म्हातारी माणसं मात्र रुग्णालयात येतात. आपल्याकडे येतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सप्टेंबर २०२४ मध्ये देशांनी ठरवलंय, की २०३० पर्यंत माणसांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी किमान ७० टक्के जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अ‍ॅक्सेस' गटातली, म्हणजे साधी, बहुतेक मोजक्याच जिवाणूंवर मारा करणारी असावीत. अमॉक्सिसिलिन त्यात आहे, नायट्रोफ्युरँटॉइन आहे. अझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रायॅक्सोन नाहीत, ती जपून वापरायच्या 'वॉच' गटात आहेत. तुमच्या पॅडवर सगळ्यात जास्त काय असतं ते एकदा बघा. मी नाही विचारणार.

तेव्हा माझं मागणं असं. नमुना आधी, डोस नंतर. उशीर होणार असेल तर मिनिटांचाच होऊ दे, तासाचा नको. औषध लिहिताना शेजारी का ते लिहा, 'न्यूमोनिया वाटतो' एवढं पुरे, आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख लिहा. तिसऱ्या दिवशी, तुमची ड्यूटी संपली असेल तर पुढच्याला सांगून, रिपोर्ट मागवा. काही उगवलं नसेल आणि पेशंट बरा दिसत असेल तर औषध थांबवायचं धाडस करा. जिवाणू साध्या औषधाने मरत असेल तर मोठ्यावरून साध्यावर उतरा. उतरताना भीती वाटली तर मला फोन करा. प्लेट समोर ठेवून बोलते. वाटल्यास खाली येऊन बघा. पहिल्या मजल्यावरचे काही सर्जन आता खरंच येतात. प्लेट उजेडात धरतात आणि वर्तुळं मोजतात. एकाने तर परवा टेक्निशियनच्या हातातली मोजपट्टीच मागून घेतली.

आणि तो रकाना भरा. 'सध्या सुरू असलेली अँटिबायोटिक्स.' कोरा सोडलात तर मला कळत नाही, की प्लेटवर काही उगवलं नाही ते संसर्ग नाही म्हणून, की बाटलीत तुमचंच औषध आलंय म्हणून.

आपली,
रिपोर्टच्या तळाशी सही करणारी

ता. क. रक्ताच्या बाटलीवरच्या बारकोडवर पेशंटच्या नावाचं लेबल चिकटवू नका. मशीनला वाचता येत नाही, आणि ते ओलं करून नखाने सोलण्यात आमची सकाळ जाते.